आजारी हाताचे मस्टर

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी उभा राहिलो की तुम्हाला वाटते, आता महागाई भत्ता, रिक्त जागा आणि पेन्शन. ते विषय आहेतच. पण आज मी हातावर बोलणार आहे. आपल्यातला कोणी रुळावर हातोडा मारतो, कोणी कपलिंग लावतो, कोणी टपालाच्या थैल्या उचलतो. सगळ्यांची भाकरी या दोन हातांवर. मी मॅट्रिक झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. जे पाहिले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले, तेवढेच सांगतो.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमन भावाला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. इस्पितळात व्यायाम दाखवले आणि घरी पाठवले. घरच्यांनी प्रेमाने सगळे केले. घास भरवला, बटणे लावली. हात मात्र मांडीवर पडून राहिला. दीड महिन्यात खांदा आखडला, बोटे मुठीत वळली. अशात कार्यालयातून एक गृहस्थ कागद घेऊन आले. म्हणाले, "आता तुमच्याने काम होणार नाही. स्वेच्छानिवृत्ती घ्या. सही जमत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा चालेल." वहिनी खंबीर निघाल्या. "आधी युनियनला विचारते," म्हणाल्या आणि कागद परत केला.

बंधूंनो, येथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम २० सांगते की, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तशी जागा नसेल, तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्याला ठेवावे लागते. तेव्हा घाबरून कोणत्याही कागदावर सही करू नका.

पण कायदा नोकरी वाचवतो, हात वाचवत नाही. हात घरीच वाचवावा लागतो. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास गेलो आणि बाकीचा आठवडा हात झोपून राहिला, तर काय उपयोग? झटक्यात मेंदूतली मेन लाईन खराब होते. मग गाडी लूप लाईनने न्यावी लागते, आणि ती लाईन रोज गाड्या चालवल्यानेच पक्की होते. अमेरिकेत २२२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेली ही माणसे. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घालून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास कामे करून घेतली. त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी हलत असतील त्यांच्यासाठीच हा उपाय आहे, आणि तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

आमच्या भावाच्या घरी त्याच्या नववीतल्या मुलीने एक वही आखली. अगदी आपल्या मस्टरसारखी. तारीख, सकाळ, संध्याकाळ, किती वेळा, दुखले का. फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेली कामे घरातलीच होती. टेबलावर फडके ठेवून दोन्ही हातांनी पुढे सरकवणे, कणीक मळणे, ओला रुमाल पिळणे, राजमा एकेक उचलून वाटीत टाकणे, कडी लावणे-काढणे. दर रविवारी मोजमाप. भिंतीवर बोटे चढवत जिथे पोचली तिथे पेन्सिलीची खूण आणि तारीख. मग घड्याळ लावून एका मिनिटात बाटलीची किती बुचे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातात, त्याची मोजणी. पहिल्या रविवारी चार. महिन्याने अकरा. मध्ये तीन आठवडे अकरावरच अडले, तेव्हा तो वही फेकायला निघाला होता. मुलीने भिंतीवरची खूण दाखवली. ती चार बोटे वर सरकली होती!

वहीचा फायदा डॉक्टरांनाही झाला. "कसे आहे?" विचारले की आपण "ठीक आहे साहेब" म्हणतो. त्यातून कुणाला काय कळणार? वही पाहून त्यांनी व्यायाम बदलले.

काही गोष्टी कटाक्षाने पाळा. उठवताना दुबळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. हात लोंबकळत ठेवू नका, बसताना उशीवर टेकवा. ताण जाणवला तर चालेल, पण पंजा सुजला, लाल झाला, आग होऊ लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनगट मोडून प्लॅस्टर घातलेल्यांनीही, डॉक्टरांनी मना केले नसेल तर, बोटे आणि खांदा हलवत राहावे. नाहीतर हाड जुळते आणि खांदा आखडतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, म्हणून ते वाया घालवू नका. पण त्यानंतर दार बंद होते असेही नाही.

आमचा भाऊ पुन्हा रुळावर गेला नाही, हे खरे सांगितले पाहिजे. त्याच वेतनश्रेणीत त्याला स्टोअरमध्ये बसून करायचे काम मिळाले. गळ्याजवळचे बटण अजून लागत नाही. पण जेवतो स्वतःच्या हाताने, आणि पगारपत्रकावर सही करतो ती उजव्या हाताने.

तेव्हा या सभेपुढे माझ्या दोन सूचना आहेत. कोणी साथी असा आजारी पडला, तर पहिल्याच आठवड्यात शाखेचे दोघे त्याच्या घरी जातील, सोबत एक कोरी वही आणि कलम २० ची प्रत नेतील. आणि कॉलनीतल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट ठराविक दिवशी यावा, अशी मागणी आपण प्रशासनाकडे लेखी करू. पहिले काम कोणाच्या परवानगीवाचून उद्याच सुरू करता येते.

कामगार एकजुटीचा विजय असो!