सोन्याची बिस्किटे आणि किनाऱ्यावरच्या दंतकथा

मुंबई बंदरातल्या तस्करीच्या दंतकथांचे मूळ सोन्यावरील निर्बंधांत आहे. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीला जवळजवळ बंदीच होती. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, नवे दागिने १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे घडवायला मनाई झाली, आणि १९६८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पण घरात लग्न निघाले की सोने हवेच. दुबईत उघड मिळणारे सोने मुंबईत कितीतरी चढ्या भावाने खपू लागले.

हे सोने गलबतांतून, दहा तोळ्यांच्या लगडींच्या रूपात येई. सुमारे ११६ ग्रॅमच्या या लगडीला सगळे ‘बिस्किट’ म्हणत. बिस्किटे ठेवायला अनेक कप्प्यांची कापडी जाकिटे शिवलेली असत. गलबत खोल पाण्यात थांबे आणि रात्री लहान होड्यांतून माल खाडीत किंवा वाळूवर उतरे. परतीच्या फेरीत चांदी बाहेर जाई.

काम अंधारातले, त्यामुळे ज्यांनी पाहिले ते बोलत नसत आणि जे बोलत त्यांनी पाहिलेले नसे. दंतकथा वाढायला एवढे पुरेसे होते. कस्टमची लाँच दिसताच समुद्रात फेकलेली बिस्किटे पुढे कुणा कोळ्याच्या जाळ्यात आली, ही किनाऱ्यावरची आवडती गोष्ट. एखाद्याचे घर अचानक दुमजली झाले की तिचा उपयोग होई. कुणाचे नाव न घेता पैशाचा उगम सांगता येई. दुसरी गोष्ट उदार तस्कराची. गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान पांढऱ्या कपड्यांत आणि पांढऱ्या मोटारीत वावरे. त्याच्या दानशूरपणाच्या कहाण्या वस्त्यांतून फिरल्या. १९७५ च्या ‘दीवार’ चित्रपटातल्या ७८६ क्रमांकाचा बिल्ला लावणाऱ्या गोदी कामगारात प्रेक्षकांनी त्यालाच पाहिले. त्याच वर्षीच्या आणीबाणीत मस्तान तुरुंगात होता.

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना सोने आणण्याची मुभा मिळाली आणि जुना नफा आटला. उतरवण्याच्या जागा मात्र तशाच राहिल्या, डोळेझाक करण्याची सवयही. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसे मारली गेली. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातले काही जणही दोषी ठरले. उदार तस्कराच्या गोष्टीत हा हिशेब येत नाही. बंदराच्या इतिहासात तो यायलाच हवा.