न्यूयॉर्क कॉसमॉसचा एक हंगाम



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून सहकारी साखर कारखान्यापर्यंत सर्व विषयांना जागा असते, म्हणून आम्ही आज फुटबॉलचा विषय घेऊन उभे राहण्याचे धाडस करीत आहोत. त्यातही फुटबॉल अमेरिकेतला. ज्या देशाने फुटबॉल हे नाव हाताने खेळावयाच्या एका धसमुसळ्या खेळाला देऊन टाकले आणि पायाने खेळावयाच्या खेळाला 'सॉकर' म्हणून माजघरात बसविले, त्या देशातला. तेथील न्यूयॉर्क कॉसमॉस या धंदेवाईक संघाचा १९७७ सालचा हंगाम, एवढाच आजचा विषय आहे. परंतु त्या एका उन्हाळ्यात एक प्रश्न असा काही उघडा पडला की तो आपल्याही दाराशी येऊन उभा आहे. खेळाची आवड पैसे टाकून विकत आणता येते काय, हा तो प्रश्न.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेत १९६७ साली फुटबॉलच्या दोन धंदेवाईक स्पर्धा एकाच वेळी निघाल्या; दोघींनाही तोटा झाला आणि दोघींनी मिळून १९६८ साली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग नावाचा एकच संसार थाटला. पहिल्या वर्षी संघ होते १७. दुसऱ्या वर्षी उरले ५! असल्या बुडत्या जहाजात १९७१ साली कॉसमॉस हा नवा उतारू चढला. त्याची मालकी वॉर्नर कम्युनिकेशन्स या चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीकडे होती. तिचे प्रमुख स्टीव्ह रॉस, आणि त्यांच्या पदरी असलेले ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातले अहमत आणि नेसुही एर्टेगन हे दोन तुर्की बंधू, हे या उद्योगाचे कर्ते. व्यवस्थापक क्लाइव्ह टॉय हा इंग्लंडातला क्रीडापत्रकार. न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ 'मेट्स', म्हणजे महानगरवासी. तर आपण विश्वनागरिक, 'कॉस्मोपॉलिटन्स', असा विचार करून त्याने कॉसमॉस हे नाव काढले. नाव ब्रह्मांडाएवढे आणि प्रेक्षक मात्र १९७४ साली सामन्याला सरासरीने साडेतीन हजार. आपल्याकडे तालुक्याच्या कुस्त्यांच्या फडाला याहून अधिक माणूस जमते.

मग १९७५ च्या जूनमध्ये पेले आला. तीन विश्वचषक जिंकलेला, सान्तोसमधून आदल्याच वर्षी निवृत्त झालेला हा ब्राझीलचा पुरुष. त्याला आणण्यासाठी लक्षावधी डॉलर तर मोजलेच, पण परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनीही ब्राझीलकडे शब्द टाकला. राष्ट्रीय ठेवा देशाबाहेर जाऊ द्यायचा की नाही, हा तेथे राजकीय प्रश्न होता. पेलेचा पहिला सामना १५ जून १९७५ रोजी रँडल्स बेटावरच्या डाउनिंग मैदानावर झाला. त्या मैदानावर गवताचा पत्ता नव्हता. दूरचित्रवाणीवर बरे दिसावे म्हणून उघड्या मातीला हिरवा रंग फासण्यात आला होता. आम्हाला वाटते, पुढच्या दहा वर्षांची सारी कथा त्या हिरव्या रंगात आहे. मात्र त्या रंगावरून धावणारा माणूस खरा होता, हेही विसरता कामा नये. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोहोंपैकी एक गोल पेलेचा होता.

आता १९७७. न्यूयॉर्क शहराची दशा त्या वर्षी फार वाईट होती. दोनच वर्षांपूर्वी नगरपालिका दिवाळ्याच्या काठावर येऊन ठेपली होती. १३ जुलैच्या रात्री सारे शहर अंधारात बुडाले आणि त्या अंधारात दुकाने लुटली गेली, आगी लागल्या. एक माथेफिरू खुनी वर्षभर मोकाट होता; तो १० ऑगस्टला सापडला. असल्या उन्हाळ्यात कॉसमॉसने नदीपलीकडे न्यू जर्सीच्या दलदलीत उभारलेल्या जायंट्स स्टेडियमवर बिऱ्हाड हलविले. तेथे पाऊण लाखावर माणसे बसत. साडेतीन हजारांचे गिऱ्हाईक असलेल्या दुकानाने एवढे मोठे गोदाम भाड्याने घ्यावे, हे शहाण्यासुरत्या माणसांना वेडेपण वाटले असल्यास नवल नाही.

या हंगामाचे नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण अमेरिकेचा स्वभाव त्यांत दिसतो. बरोबरी हा प्रकार त्या लोकांना सोसत नाही. दीड तास बसून कोणीच जिंकले नाही, म्हणजे पैसे फुकट गेले, असे त्यांना वाटते. तेव्हा बरोबरी झाली की जादा वेळ, आणि त्यानेही भागले नाही तर 'शूटआउट'. म्हणजे खेळाडूने गोलपासून ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन एकट्याने धावत सुटायचे आणि ५ सेकंदांत गोलरक्षकाला चकवायचे. जिंकणाऱ्याला ६ गुण. शिवाय प्रत्येक गोलाला एक गुण, मात्र एका सामन्यात तिनापर्यंतच. हा गोलाचा गुण हरणाऱ्यालाही मिळे! परीक्षेत नापास झालेल्यालाही सुवाच्य अक्षराचे गुण द्यावेत, तसे. युरोपातल्या जाणत्यांनी या प्रकाराला नाके मुरडली. आम्हाला स्वतःला त्या शूटआउटमध्ये काही वावगे दिसत नाही. स्थिर चेंडूवरून पेनल्टी मारण्यापेक्षा त्यात अधिक खेळ आहे. गुणांचा हिशेब मात्र वाण्याच्या वहीसारखा होता.

संघात पेलेच्या जोडीला आदल्या वर्षीच इटलीच्या लाझिओ संघातून जॉर्जो किनाल्या आला होता. गोल करण्यात पटाईत, जिभेने तिखट, आणि मालकाच्या कानाशी लागणारा, असा त्याचा लौकिक होता. १९७७ च्या मे महिन्यात पश्चिम जर्मनीचा विश्वविजेता कर्णधार फ्रान्झ बेकेनबाउअर बायर्न म्युनिक सोडून आला. जुलैत ब्राझीलचा १९७० चा कर्णधार कार्लोस आल्बेर्तो आला. जोमो सोनो दक्षिण आफ्रिकेचा, स्टीव्ह हंट इंग्लंडचा, एरोल यासिन तुर्कस्तानचा. यांच्यात गोलरक्षक शेप मेसिंग हा हार्वर्डमध्ये शिकलेला न्यूयॉर्ककर आणि कर्णधार वेर्नर रोथ हा युगोस्लाव्हियात जन्मून न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. पेले ज्या संघात खेळतो त्याचे कर्णधारपद रोथकडे होते. हाच रोथ पुढे १९८१ च्या एका चित्रपटात पेलेच्याच विरुद्ध जर्मन संघाचा कर्णधार म्हणून पडद्यावर दिसला.

आता एवढे हिरे एका कोंदणात बसविले म्हणजे दागिना आपोआप होत नाही. ज्या घरात सगळेच कर्ते, त्या घरात पाणी कोणी भरायचे हा प्रश्न पडतो. संघ एके दिवशी देवासारखा खेळे, तर दुसऱ्या दिवशी सामान्य संघाकडून मार खाई. टॉय पायउतार झाला. जुलैमध्ये गॉर्डन ब्रॅडलीला बाजूला सारून एडी फिर्मानी याला शिक्षक नेमले. हा फिर्मानी त्याच हंगामात प्रतिस्पर्धी टॅम्पा बे संघाचा शिक्षक होता! या उलथापालथीमागे किनाल्याचा हात आहे, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. साखळीतील २६ सामन्यांपैकी कॉसमॉसने १५ जिंकले, ११ गमावले. गुण १४०. त्यांच्या गटात पहिला आला तो फोर्ट लॉडरडेलचा संघ, १९ विजय आणि १६१ गुण मिळवून. त्याचा गोलरक्षक होता गॉर्डन बँक्स. १९७० च्या विश्वचषकात पेलेचा डोक्याने मारलेला चेंडू ज्याने अशक्यप्राय रीतीने अडविला, तोच हा बँक्स. पुढे १९७२ च्या मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्याने त्याने हा हंगाम गाजविला. सगळे दिवे पेलेवर रोखलेले असताना या माणसाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

पण गुणांच्या तक्त्याशी प्रेक्षकांना कर्तव्य नव्हते. १९ जून रोजी टॅम्पा बेविरुद्ध ६२,३९४ लोक आले. पेलेने तिन्ही गोल केले आणि सामना ३-० असा जिंकला. १४ ऑगस्टला फोर्ट लॉडरडेलविरुद्ध बाद फेरीचा सामना झाला, त्याला ७७,६९१ माणसे होती. अमेरिकेत फुटबॉलला एवढी गर्दी त्यापूर्वी कधी झाली नव्हती. कॉसमॉसने ८-३ असा धुव्वा उडविला. परतीचा सामना बरोबरीत अडकला तो शूटआउटवर जिंकला. रॉचेस्टरला दोन्ही सामन्यांत हरविले. त्यांतल्या घरच्या सामन्याला पुन्हा ७३,००० च्या वर लोक. हंगामाची घरची सरासरी ३४,००० निघाली, म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ दहापट.

२८ ऑगस्टला पश्चिम किनाऱ्यावर ओरेगनमधील पोर्टलंड गावी अंतिम सामना सिॲटल साउंडर्सशी होता. सिॲटल जवळच, तेव्हा ३५,५४८ प्रेक्षकांत बरेचसे तिकडचेच. पहिला गोल मोठा गमतीचा झाला. सिॲटलचा गोलरक्षक टोनी चर्स्की याने चेंडू हाती धरला, आणि मागे कोणी नाही अशा समजुतीने तो पुढे जमिनीवर सोडला. मागे २१ वर्षांचा स्टीव्ह हंट उभा होता. तो मांजरासारखा आला, चेंडू पायाने काढून घेतला आणि गोलात ढकलला. चारच मिनिटांत टॉमी ऑर्डने बरोबरी साधली. शेवटची बारा-तेरा मिनिटे उरली असता हंटनेच उंच चेंडू दिला आणि किनाल्याने तो डोक्याने आत घातला. २-१. पेलेला गोल मिळाला नाही. सामना संपताच सिॲटलचा तरुण अमेरिकन बचावपटू जिमी मॅकॲलिस्टर याला पेलेने अंगातला सदरा काढून दिला.

तेथून संघ पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. जपान आणि चीन करून तो आपल्या देशात आला, ही गोष्ट या मंडपातल्या काहींना स्मरत असेल. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी सामना झाला. पावसाने मैदानाचा चिखल झालेला, आणि सारे कोलकाता पेलेसाठी वेडे. मोहन बागानचे शिक्षक पी. के. बॅनर्जी यांनी पेलेच्या मागे गौतम सरकारला सावलीसारखे लावून दिले, आणि पेलेची फ्री-किक गोलरक्षक शिवाजी बॅनर्जीने अडविली. कार्लोस आल्बेर्तोने पहिला गोल केला. श्याम थापाने फेडला. मोहम्मद हबीबने मोहन बागानला २-१ असे पुढे नेले. शेवटी किनाल्याने पेनल्टीवर बरोबरी केली. त्या पेनल्टीविषयी कोलकात्यात वर्षानुवर्षे वाद चालला, आणि तो चालावा हेच योग्य. मुंबईकरांसाठी एक सांगावयाचे म्हणजे तोच मोहन बागान संघ त्याच हंगामात रोव्हर्स चषकही घेऊन गेला. म्हणजे कॉसमॉसला घाम फोडणारी ही मंडळी कूपरेजच्या कठड्याला टेकून पाहता आली.

१ ऑक्टोबरला जायंट्स स्टेडियमवर पेलेचा निरोपाचा सामना झाला. पूर्वार्धात तो कॉसमॉसकडून खेळला, उत्तरार्धात आपल्या जुन्या सान्तोसकडून. फ्री-किकवर त्याने गोल केला तो सान्तोसविरुद्धच. उत्तरार्धात पाऊस आला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकावयास सुखाची नाही. १९७८ साली त्या स्पर्धेत २४ संघ झाले. प्रत्येकाला आपला पेले हवा होता. पण पेले एकच, आणि वॉर्नरएवढी तिजोरीही एकच. दूरचित्रवाणीवाल्यांनी १९८० नंतर हात काढून घेतला. वॉर्नरच्या अटारी या शाखेला १९८३ मध्ये जबर खोट बसली, तेव्हा कंपनीला फुटबॉलचा शौक जड झाला. १९८४ च्या हंगामात ९ संघ उरले आणि १९८५ साली स्पर्धा बंद पडली.

येथे पुण्याची आठवण अपरिहार्य आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली, तेव्हा हीच पाककृती वापरली गेली. बालेवाडीला पुण्याच्या संघात फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे खेळला. गोव्यात रोबेर पिरेस, मुंबईत आनेल्का. २०१९ साली पुण्याचा संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. शहराला विचारण्याची कोणास गरज भासली नाही. कंपनीच्या मालकीच्या संघावर प्रेम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की ते प्रेम ताळेबंदात कोठेच नोंदलेले नसते.

मग १९७७ चा तो हंगाम म्हणजे नुसता हिरवा रंग होता काय? पुष्कळ लोक तसे म्हणतात. दुसरे काही म्हणतात की पेलेने अमेरिकेत फुटबॉलचे बी पेरले. आम्हाला दोन्ही मते अर्धी वाटतात. जायंट्स स्टेडियमपासून काही मैलांवर कर्नी नावाचे गिरणीगाव आहे. स्कॉटलंडच्या पेझ्ली गावच्या क्लार्क दोरा कंपनीने एकोणिसाव्या शतकात त्या भागात गिरण्या काढल्या आणि कामगारांबरोबर त्यांचा फुटबॉलही आला. त्या गिरणीच्या संघाने १८८५, १८८६ आणि १८८७ अशी ओळीने तीन वर्षे अमेरिकन चषक जिंकला. पेले जन्मण्याच्या अर्धशतकापूर्वी ही जमीन नांगरलेली होती. तिला पाऊणलाखी गर्दी नव्हती, दूरचित्रवाणी नव्हती. बापाने पोराला रविवारी मैदानावर न्यायचे, एवढीच व्यवस्था होती. कॉसमॉसने त्या पोरांना एवढेच दाखविले की आपल्या गल्लीतला हा खेळ जगातली थोर माणसे खेळतात, आणि तो पाहावयास पाऊण लाख लोक येतात. हे थोडे नव्हे.

१९९० साली अमेरिका ४० वर्षांनंतर विश्वचषकाला पात्र ठरली. इटलीला गेलेल्या त्या संघात गोलरक्षक टोनी मिओला, मध्यफळीत जॉन हार्क्स आणि उरुग्वेत जन्मलेला टॅब रामोस हे तिघे होते. तिघेही कर्नीच्या परिसरात वाढलेले. कॉसमॉसच्या त्या उन्हाळ्यात ते आठ ते दहा वर्षांचे होते.