माळावरची आपली झाडे



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने झाडांवर काय बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल. परंतु जो राबतो त्याची दखल घेतली जात नाही, ही आमची जुनी तक्रार. आणि माळावरच्या आपल्या झाडांचीही तक्रार तीच आहे.

आपल्या कडेगावच्या परिसरातच सागरेश्वराचा डोंगर आहे. नाव सागराचे, पण समुद्र सह्याद्रीपलीकडे आणि पाऊस बेताचा. हा डोंगर एके काळी उघडाबोडका होता. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी त्याचा ध्यास घेतला, माणसे राबली, आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. जंगल माणसाच्या हातून उभे राहू शकते, हे आपल्याच भागाने दाखवले.

पण झाडे कोणती लावावीत? डोंगर झटपट हिरवा दिसावा म्हणून सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावण्याचा मोह ठिकठिकाणी झाला. दोन्ही मूळची मध्य अमेरिकेकडची. पाहुण्यांशी आमचे वैर नाही; सुबाभळीचा पाला गुरे खातात. परंतु तिची रोपे इतकी दाट माजतात की दुसऱ्याला जागा उरत नाही. पाहुण्यानेच घर व्यापले तर घरच्यांनी जावे कोठे?

घरचे कोण, ते पाहा. धावड्याचे लाकूड चिवट. कुऱ्हाडीचा दांडा त्याचा, आणि बाळंतिणीच्या लाडवातला डिंकही त्याचाच. विड्यातला कात खैराच्या गाभ्यातला. आपट्याचे पान आपण दसऱ्याला सोने म्हणून लुटतो. त्याच पानांच्या विड्या वळून कित्येक बायांनी लेकरे वाढवली. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीला मिळवून देतात.

ऐन उन्हाळ्यात धावडा आणि खैर निष्पर्ण उभे असतात. लोक म्हणतात, वाळली, तोडा! अहो, पाने गाळली की पाण्याचा खर्च थांबतो. आम्ही संप पुष्कळ पाहिले. हा संप नव्हे, ही काटकसर आहे. पगार लांबला की घरची बाई हेच करते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्याच आहेत. निष्पर्ण झाडावर कुऱ्हाड घालू नका. वाळल्या गवताला काडी लावू नका. त्यात उद्याची रोपे जळतात. बाभळीचे बी शेळ्यांच्या वाड्यातून वेचा; शेळीच्या पोटातून आलेले बी चांगले रुजते. निंबोळी पिकली की लगेच पेरा, ती फार दिवस टिकत नाही. आणि रोपाला निदान तीन पावसाळे गुरांपासून जपा.

माळ सर्वांचा, म्हणून त्याला वाली कोणी नाही. कामगार आपली संघटना बांधू शकतो, झाडाला ते जमत नाही. त्याच्या वतीने बोलणे आपल्याकडेच आले. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.