बाहुलीच्या मानेवरील आंकडे

युरोपांत किंवा अमेरिकेंत एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून चिनी मातीच्या डोक्याची बाहुली खालीं येते. केसांचा टोप उचलला, कीं मानेच्या मागें कोरलेलीं कांहीं अक्षरें व आंकडे दिसतात, आणि तेथूनच गोंधळास आरंभ होतो. कोणी त्या आंकड्यास सन समजतो, कोणी किंमतीची खूण. ह्या गैरसमजापायीं चांगली वस्तु मातीमोलानें जाते, किंवा नकलेस अस्सलाचें दाम पडतें. वस्तुतः तो आंकडा बहुधा साच्याचा क्रमांक असतो. चेहऱ्याचें कूळ ओळखण्याची पहिली खूण तीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत असंख्य बाहुल्यांचीं डोकीं जर्मनींतील थुरिंगियाच्या मुलुखांत तयार होत. पातळ कालवलेली माती प्लॅस्टरच्या साच्यांत ओतीत. प्लॅस्टर पाणी शोषून घेई, साच्याच्या अंगास मातीचा थर धरे, आणि उरलेली माती काढून टाकीत. सुकलेलें डोकें भट्टींत भाजीत व रंगवून पुन्हा भाजीत. झिलई न दिलेल्या ह्या मातीस ‘बिस्क’ म्हणतात. साचा वापरानें झिजे. मग मूळ नमुन्यावरून नवा साचा पाडीत. म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन डोक्यांपैकीं एकाच्या ओठांच्या कडा रेखीव, तर दुसऱ्याच्या बोथट आढळतात.

कोणता आंकडा कशाचा, हें ओळखतां आलें पाहिजे. आर्मांड मार्सेल ह्या कारखान्याचा ३९० हा साचा अतिशय प्रसिद्ध आणि तितकाच सामान्य. त्याखालीं ‘ए ४ एम’ अशी खूण असली, तर मधला ४ केवळ माप दाखवितो. केमर आणि राइनहार्ट यांच्या बाहुलीवर साच्याच्या क्रमांकाखालीं ५८ असला, तर तिची उंची ५८ सेंटिमीटर समजावी. ‘जर्मनी’ हा शब्दहि उपयोगी पडतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळें १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. तेव्हां तो शब्द असलेलें डोकें बहुधा त्यानंतरचें.

परंतु क्रमांक मिळाला म्हणजे काम संपलें असें नव्हे. केमर आणि राइनहार्ट यांनीं १९०९ सालीं खऱ्या मुलांसारख्या चेहऱ्यांची मालिका काढली. तींतील १०१ क्रमांकाचा चेहरा मुलाच्या वेषांत ‘पेटर’ व मुलीच्या वेषांत ‘मारी’ ह्या नांवानें विकला जाई. चेहरा एकच; भेद टोपाचा व कपड्यांचा. उलट त्यांच्याच ११७ ह्या साच्याचे ओठ मिटलेले असतात, आणि त्या आंकड्यापुढें लहानसा ‘एन’ आला, कीं ओठ उघडून दांत दिसतात. संग्राहक ह्या दोहोंत मोठा फरक करतात. गालांची लाली, भुंवया, पापण्यांच्या रेघा हें कुंचल्याचें काम. नाकाची ठेवण, हनुवटीची खळी, कानाची पाळी, ओठांमधील फट हें साच्याचें. ओळख पटवितांना भर ह्या दुसऱ्या खुणांवर द्यावा.

खरा धोका नकलांचा. जुन्या डोक्यावरूनच साचा पाडून नवें डोकें ओतलें, तर मूळचा क्रमांकहि त्यांत उतरूं शकतो. तेथें आंकड्याची साक्ष पुरी पडत नाहीं. मात्र चिनी माती भाजतांना आकसते, सुमारें दहावा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक. म्हणून अशी नक्कल मूळ डोक्यापेक्षां लहान भरते. त्याच मापाच्या अस्सल डोक्याशीं फितीनें ताडून पाहिलें, कीं संशयास जागा मिळते.

प्लॅस्टिकच्या बाहुल्यांतहि हीच सावधगिरी हवी. मॅटेल कंपनीच्या अनेक बार्बींच्या पाठीवर १९६६ हा सन असतो. तो धडाच्या नमुन्याच्या स्वामित्वहक्काचा. बाहुली त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं तयार झालेली असूं शकते. चेहऱ्याचा सन निराळा, मानेच्या आंतल्या कडेवर. ‘सुपरस्टार’ चेहऱ्यावर तो १९७६ आहे, पण ती बाहुली बाजारांत आली १९७७ सालीं, आणि तोच चेहरा पुढें अनेक वर्षें वापरला गेला.

साच्याचा क्रमांक चेहऱ्याचें घराणें सांगतो. वय, अस्सलपणा व मोल हीं प्रत्येक बाहुलीपुरतीं वेगळीं तपासावीं लागतात. यास्तव घेणाऱ्यानें वा विकणाऱ्यानें सगळ्या खुणा टिपून घ्याव्यात, चेहरा निरखावा, माप घ्यावें, आणि मगच दाम बोलावें.