निकाल लागला, हिशेब कोण मागणार?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तो ऊस गाळपाला जाईपर्यंत सोळा-अठरा महिने लोटतात. या काळात पंचगंगाकाठच्या शेतकऱ्याच्या हाती त्या पिकापासून एक पैसाही येत नाही. त्याने उचललेल्या कर्जावर मात्र बँकेने दर तीन महिन्यांनी व्याज आकारून ते मुद्दलात मिळवले, तर ऊस तुटेपर्यंत पाच-सहा वेळा व्याजाचे मुद्दल झालेले असते. ज्याला तिमाही उत्पन्नच नाही त्याचे तिमाही व्याज थकले असे म्हणायचे आणि थकले म्हणून त्यावर पुन्हा व्याज लावायचे, हा कोणता न्याय? कर्नाटकातून आलेल्या अपिलांच्या निमित्ताने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला. ‘कॉर्पोरेशन बँक विरुद्ध डी. एस. गौडा’ या नावाने ओळखला जाणारा तो निकाल १९९४ सालचा. शेतकऱ्याच्या हाती पैसा पीक निघाल्यावरच येतो. म्हणून शेतीकर्जावर तिमाही वा सहामाही चक्रवाढ करता येणार नाही, आकारणी वार्षिकच असावी, असे त्यात ठरले. पुढे २००१ साली ‘सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र’ या प्रकरणात घटनापीठाने आणखी स्पष्ट सांगितले की, दंडव्याज मुद्दलात मिळवणे सार्वजनिक धोरणाला धरून नाही, आणि रिझर्व्ह बँकेचे निर्देश डावलून मुद्दलात घातलेले व्याज त्यातून वगळले पाहिजे.

दोन्ही निकाल कर्जदाराच्या हातात शस्त्र देणारे. परंतु ते हाती घेऊन आपल्या खात्याचा उतारा तपासायला किती शेतकरी बँकेच्या दारात गेले?

येथे थोडे गणित केले पाहिजे. एक लाखाचे कर्ज, व्याज उदाहरणापुरते बारा टक्के, आणि पाच वर्षे परतफेड नाही असे धरू. सरळ व्याज ६०,००० रुपये होते. वार्षिक चक्रवाढीने ते ७६,२३४ होते, आणि तिमाही चक्रवाढीने ८०,६११. म्हणजे वार्षिक आणि तिमाही आकारणीतील फरक ४,३७७ रुपयांचा. एवढ्यासाठी कोणी वकील लावीत नाही, कोणी एसटीचे भाडे खर्चून जिल्ह्याच्या ठिकाणी येत नाही. अन्यायाची रक्कम प्रत्येकाच्या वाट्याला अशी लहान येते की भांडणे परवडू नये. मात्र बँकेच्या बाजूला तीच रक्कम हजारो खात्यांनी गुणली जाते. हा सारा व्यवहार या विषमतेवर उभा आहे.

याची मुळे जुनी आहेत. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या रोख्यांवर होता. कागद जाळला की कर्ज जाते, हा त्यांचा हिशेब भाबडा खराच; पण अन्याय कोठे लिहून ठेवलेला आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब काढण्याचा अधिकार दिला आणि मुद्दलात मिरवत बसलेले व्याज मुद्दल म्हणून धरू नये असेही सांगितले. दामदुपटीचा नियम तर त्याहूनही प्राचीन. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात तो सावकारांपुरता लिहिला गेला. सहकार कायद्याच्या ४४ अ या कलमात शेतीकर्जावर मुद्दलाहून अधिक व्याज घेण्यास सहकारी संस्थांना ठरावीक मर्यादेत मनाई झाली.

आणि राष्ट्रीयीकृत बँका? १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. परंतु १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१ अ हे कलम लागू झाले. व्याजाचा दर अवाजवी आहे या कारणास्तव बँक आणि तिचा ऋणको यांच्यामधील व्यवहार कोणत्याही न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे ते म्हणते. जी वही परकीय सरकारने सावकाराच्या बाबतीत उघडायला लावली, ती स्वतंत्र देशाच्या संसदेने बँकेच्या बाबतीत मिटवून टाकली! गौडा निकालाचे महत्त्व येथे आहे. दर जास्त आहे ही तक्रार न्यायालय ऐकणार नाही. पण बँकेने रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाहून अधिक आकारले असेल, तर २१ अ आड येत नाही. फट अरुंद आहे, पण ती आहे. आणि तिच्यातून आत जायला निर्देश आणि उतारा असे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

आपल्या चळवळीने हे वाचन केले नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. आपण कर्जमाफी मागितली, अनेकदा मिळवली. माफी मागताना मात्र आकडा बँकेने सांगितला तोच गृहीत धरला. या शहराचा टोलविरोधी लढा सर्वांना आठवतो. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते रस्त्यावर होते, आणि २०१५ अखेर टोल रद्द झाल्याची घोषणा शासनाला करावी लागली. टोलनाका डोळ्यांना दिसत होता. खात्यातून परस्पर वजा होणाऱ्या रकमेला नाका नसतो.

स्टेट बँकेचे उदाहरण पाहा. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यांतून महिन्याला चारांपेक्षा अधिक वेळा पैसे काढले, तर दर व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे कापले जात. मोबाइलवरून केलेल्या डिजिटल व्यवहारालाही. आयआयटी मुंबईतील एका अभ्यासानुसार १४ कोटींहून अधिक डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटींपेक्षा जास्त रुपये असे गोळा झाले. १ जानेवारी २०२० पासून घेतलेले असे शुल्क परत करावे, असे प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले, आणि सुमारे ९० कोटी परत गेले. त्या तारखेपूर्वीचे १६४ कोटी राहून गेले. ज्यांच्यासाठी शून्य शिलकीचे खाते काढले, त्यांच्याच खिशातले हे पैसे.

करोनाकाळातील हप्तेस्थगितीची कथा वेगळी नाही. सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये व्याजावरचे व्याज परत देण्याची योजना आणली, ती दोन कोटींपर्यंतच्या कर्जांपुरती आणि निवडक प्रकारांपुरती. पीककर्ज त्यात नव्हते. २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडला. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या स्थगितीच्या काळासाठी कोणत्याही कर्जदाराकडून व्याजावर व्याज घेता येणार नाही, घेतले असल्यास पुढील हप्त्यात वळते करावे, असा आदेश झाला. उद्यमनगरातील छोट्या कारखानदाराला तो जितका लागू, तितकाच घरासाठी कर्ज काढलेल्या शिक्षकालाही. ती रक्कम खरोखर वळती झाली की नाही, हे उताऱ्यावरून ताडून पाहावे लागते, आणि तेवढा उतारा किती जणांनी मागवला असेल याची शंका आहे.

इंग्लंडमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो सामान्य खातेदारांनी साध्या छापील नमुन्याची पत्रे पाठवून बँकांकडून जादा शुल्क परत मिळवले. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उलट बँकांच्या बाजूने गेला. तोवर ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती पैसे पडून गेले होते. आपल्याकडे निकाल बाजूने असूनही पत्रे नाहीत.

तेव्हा काम पत्रांपासूनच सुरू होईल. गावातील दहा खातेदारांचे उतारे एकत्र घ्यावेत. व्याज कोणत्या तारखांना नावे पडले, दंडव्याज मुद्दलात गेले काय, एवढेच प्रथम पाहावे. बँकेला लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही या कक्षेत आणण्याचे ठरवले, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तेथे फी नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती उलटली की उताऱ्यातील चूक कितीही ढळढळीत असो, विलंब माफ करून घेण्यापासून सुरुवात करावी लागते. आणि कायद्याचा मुद्दा वर न्यायचाच झाला, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच याच शहरात बसू लागले आहे.