उतारा वाचल्याशिवाय सही नको

मी बचत गटांची समन्वयक. आमची वसाहत धरणग्रस्तांची. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, शाळेला राखलेली जागा. पण उताऱ्यावर नोंद आहे, ‘भोगवटादार वर्ग २’. म्हणजे जागा आपली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अट मोडली तर जागा सरकारजमा होऊ शकते.

मागच्या वर्षी गटातल्या एका ताईंनी शेजारचा प्लॉट घ्यायला ६० हजारांचं कर्ज मागितलं. प्लॉटवाले म्हणाले होते, “स्टॅम्पवर लिहून देतो, नोटरी करू.” बैठकीत आम्ही उतारा वाचला. ‘इतर हक्क’ रकान्यात अट स्पष्ट लिहिली होती. नोटरीनं मालकी मिळत नाही. आधी परवानगी, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत. आम्ही कर्ज दिलं नाही. ताई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

ही अट अडवते, हे खरं. दुकानासाठी प्लॉट तारण ठेवायला गेलं की बँक आधी परवानगी मागते. पण माझ्या माहेरी वडील दारूच्या उधारीत प्लॉट द्यायला निघाले, तेव्हा याच अटीनं आईच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणा. तीन गोष्टी बघू: नाव कुणाचं, वर्ग कोणता, अट काय. नाही कळलं तर तलाठ्यांना विचारू; विचारण्यात कसली लाज?

त्या ताई आता बोलतात. पहिला उतारा त्यांनीच आणून दिलाय.