गल्ला आणि घर



माझं लहानसं किराणा दुकान आहे. पूर्वी मी पहाटे दुकान उघडी, रात्री दहाला फळ्या लावी. घरी जावं तो पोरं झोपलेली. एकदा धाकटी तापानं फणफणली. मला ते गिऱ्हाइकानं सांगितलं! बायको म्हणाली, "सांगायला तुम्ही भेटता कुठं?" माझी मान खाली गेली.

रात्री दोघांनी वही पाहिली. आठनंतर येत ती बहुतेक उधारीची गिऱ्हाइकं. मग आठला दुकान बंद करायचं ठरलं. घरी साखर नेली तरी वहीत मांडायची, हेही ठरलं. वही आता बायको लिहिते. साक्षरता वर्गातच ती अक्षरं शिकली.

मुंबईत गिरगावला १९५९ साली ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जत पापडाचा मोठा उद्योग उभा राहिला. बायका पीठ घरी नेतात, घरचं बघत पापड लाटतात. घराला धरून धंदा वाढला.

माझी विक्री थोडी घटली, हे खरं. पण रात्री चौघं एकत्र जेवतो. धाकटी शाळेतल्या गमती सांगते. भाकरी गोड लागते.

मंडळी, गल्ला रोज मोजता ना? तशी घरच्या माणसांचीही रोज विचारपूस करा.